वाळलेलं शेवाळ आणि धर्मपाल सर

१२ फेब्रुवारी २००१, सोमवार

आज आठवीत सजीव-निर्जीव. फळ्यावर लिहिलं – खातो, वाढतो, श्वास घेतो, आपल्यासारखा दुसरा निर्माण करतो. झालं असं वाटलं, तोच स्नेहल उभी राहिली. "मैडम, आग भी तो खाती है, बढ़ती है. हवा भी चाहिए उसको. एक से दूसरी लगती है. तो आग जिंदा है क्या?"

काय पोट्टी आहे! मी म्हटलं, आगीत पेशी नसतात. तर लगेच, "और सूखा बीज? वो तो कुछ भी नहीं करता."

स्टाफरूममध्ये सांगितलं. नवं राज्य झालं म्हणून भोपाळहून बदलून आलेले रसायनवाले धर्मपाल सर म्हणाले, "बरोबर आहे पोरीचं. वाळलेलं बी म्हणजे डब्यातली भुकटी. पाणी पडेपर्यंत निर्जीवच."

मी भांडले. चहा गार झाला दोघांचाही.

१३ फेब्रुवारी

भिजवलेला हरभरा सोलून धर्मपाल सरांना आतला कोंब दाखवला. म्हणतात, "हा भिजलेला आहे, मॅडम. वाळलेलं काही उठवून दाखवा." हट्टी माणूस!

१५ फेब्रुवारी

मागच्या भिंतीवरचं शेवाळ खरवडलं. पावसाळ्यानंतर वाळून पार राखेसारखं झालंय. आई, म्हणजे सासूबाई, दारात. "काहून खरवडून राहिली वं?"

"शाळेत पायजे."

"शाळेत आता कचराबी लागते का?"

माझा नवरा धम्मदीप वारल्याला सहा वर्षं झाली. आई धाकट्या मुलाकडे बीरगांवला गेल्या असत्या, तर कुणी नावं ठेवली नसती. गेल्या नाहीत. पुरानी बस्तीतल्या या दोन खोल्यांत आम्ही सासू-सुना.

१७ फेब्रुवारी

उठलं! उठलं!!

काचपट्टीवर शेवाळाची भुकटी, वर पाण्याचा थेंब. धर्मपाल सरांनी डोळा लावला. "धूळ आहे, मॅडम." पोरं कंटाळली. मी मात्र बसून राहिले. मग स्नेहल ओरडली, "मैडम, वो हिल रहा है!"

एक रोटिफर – नुसत्या डोळ्यांना न दिसणारा पाण्यातला जीव. सुरकुतलेला दाणा लांब झाला, आणि तोंडाशी दोन चक्रं गरगर फिरायला लागली. खात होता!

सर कितीतरी वेळ भिंगाला डोळा लावून. मग हळूच, "इतके महिने हा मेलेला होता का?"

"नाही ना! खाणं नाही, हलणं नाही, पण आतली रचना शाबूत होती. आग विझली की तिचं काहीच उरत नाही. याचं सगळं उरलं होतं."

सर्व पोरांसमोर म्हणाले, "हरलो." आणि हसले. मीही हसले – इतक्या मोठ्यानं, की प्राचार्य डोकावून गेले.

२१ फेब्रुवारी

आईंनाही तो जीव बघायचा होता. सर स्वतः मायक्रोस्कोप मांडीवर घेऊन रिक्षानं घरी आले.

"अवं माय! हे तं जेवून राहिलं!" आई डोळा काढेनात. मग सरांची चौकशी. गाव वर्धा. बायको बाळंतपणात गेली, बाळही. घरी कुणी नाही. आईंनी आणखी एक भाकरी वाढली.

ते गेल्यावर मी भांडी घासत गुणगुणत होते. मान वर केली, तर आई बघत होत्या.

२३ फेब्रुवारी

आई परवापासून गप्प. जेवतानाही नजर खाली. धम्मदीप त्यांचा मुलगा होता! मी काय म्हणून गुणगुणले?

उद्यापासून सरांसोबत चहा बंद.

२४ फेब्रुवारी

सरांनी विचारलं, "काही चुकलं का माझं?" मी वह्यांचा गठ्ठा उचलून वर्गात गेले. दिवस लांबच लांब.

२५ फेब्रुवारी, रविवार

आई सकाळी ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून गेल्या. कुठे, सांगितलं नाही. दुपारी आल्या, पाणी प्यायल्या, म्हणाल्या, "धर्मपालकडं गेलती. म्हटलं, सासू म्हणून नाही, पोरीची माय म्हणून सोयरीक घेऊन आली. तो तं हव म्हणते, तयार आहे. आता तुयं सांग."