अप्पा, छप्पर हलकंच घेतलं

अप्पा, नांदेडच्या घरावर एक खोली वाढवली आहे. हे घर तुम्ही पाहिलेलं नाही, तुम्ही गेल्यावर आम्ही ते बांधलं. खाली मुलगा, सून आणि मी राहतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला एक वेगळी खोली हवी होती, दार लावून वाचत बसण्यापुरती. गच्चीवर जागा होती. भिंती उठल्या आणि वर काय घालायचं यावर घरात बरेच दिवस घोळ चालला. मुलाला स्लॅब हवा होता, म्हणजे पुढेमागे अजून एक मजला चढवता येईल. मी म्हटलं, कौलं घालायची, आणि तीही हलक्यातली. ‘यात माझा काय संबंध?’ असं तुम्ही विचाराल. संबंध आहे, म्हणून लिहिते आहे.

दुष्काळाचं साल आठवा. मी शाळकरी आहे. आपल्या घराचं माळवद म्हणजे तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. दर उन्हाळ्यात तुम्ही गावाबाहेरची पांढरी माती आणून, ती पाण्यात कालवून त्यावर चढवायचात. जुनी माती कधी खाली काढली नाही. आजोबांनीही काढली नव्हती म्हणे. जुन्यावर नवी, नव्यावर आणखी नवी. त्या साली गावातला आड आटला होता आणि अव्वा पहाटेपासून शिवाराच्या टोकाच्या विहिरीवर घागर घेऊन बसायची. आणि तुम्ही आपलं किराणा दुकान बंद ठेवून बैलगाडीभर माती आणलीत. गाडी दारात उभी आहे, अव्वा उंबऱ्यात उभी आहे, आईबापांच्या मध्ये मी.

“प्यायला पाणी न्हाई आन् तुम्ही माती कालवायला पाणी मागून राहिलाव?”

“आन् पाऊस आला तर?” तुम्ही म्हणालात. “घर गळल्यावर काय करशील?”

“गळू द्या की. खाली भांडी ठेवते मी.”

तिनं पाणी दिलं नाही. तुम्ही माती कोरडीच पसरलीत. मग सबंध उन्हाळा ती वाऱ्यानं फळ्यांच्या फटींतून खाली गळत राहिली, परातीतल्या पिठावर, पाण्याच्या माठावर, अंथरुणात. अव्वानं शेवटी चुलीच्या वर एक जुनं लुगडं चारी कोपऱ्यांनी बांधलं. तुम्ही ते पाहिलंत आणि त्याखाली बसून मुकाट्यानं जेवलात. मला हसू आलं. तेव्हा तुम्ही मला दरडावलंत, घरावर नवी माती नसली की घर उघडं दिसतंय, त्यात हसण्यासारखं काय हाय. त्या साली पाऊस आला नाहीच.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. माझं लग्न ठरत होतं, आणि तुम्ही मला घेऊन एसटीनं लातूरला गेलात, साडी घ्यायला आणि जिल्हा बघायला. नव्या कचेऱ्यांच्या आसपास दुकान काढावं असं तुमच्या मनात होतं. गावभर बांधकामं चालली होती. एका ठिकाणी स्लॅब टाकत होते, बायका ओळीनं घमेली वर देत होत्या. तुम्ही रस्त्यावर उभं राहून खूप वेळ बघत राहिलात. मग गवंड्याला विचारलंत, यावर माती कधी घालायची? तो म्हणाला, घालायची नसते, एकदा टाकला की झालं. परतीच्या गाडीत औसा मागं पडल्यावर म्हणालात, “दर साली काही करायचंच न्हाई, तर ते घर आपलं हाय हे घराला कसं कळायचं?” दुकानाचा विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत. साडी मात्र चांगली घेतली होती, हिरवी, अजून आहे.

यानंतरचं तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात, अव्वा गावातच एकटी राहिली, आणि मग भूकंप झाला. मी इथून निघून पोचले तेव्हा तिला लातूरच्या दवाखान्यात हलवलं होतं. पाय मोडला होता, बाकी ती शुद्धीवर होती. ज्वारीच्या लोखंडी कोठीवर एक तुळई अडकली आणि तिच्याखाली अव्वापुरती जागा राहिली. शेजारच्या घरात तेवढीही जागा राहिली नव्हती. आपल्या गल्लीतली किती माणसं गेली ते इथं लिहीत नाही. भिंती पडल्या त्या दगडांच्या होत्या, पण माणसं काढणारे सांगत होते, दगड बाजूला करता येतात, मातीत श्वास राहत नाही. नंतर मी आपलं घर बघायला गेले. एका कोपऱ्यात माळवदाचा तुकडा तसाच लटकत होता आणि त्यात मातीचे थर दिसत होते, एकावर एक. दुष्काळातला थर ओळखू येईल असं मला वाटलं. आला नाही. सगळे सारखेच होते.

अव्वाला सरकारनं नव्या गावठाणात घर दिलं. त्यात तिनं धान्य आणि भांडी ठेवली आणि स्वतः बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये झोपली, शेवटपर्यंत. मी तिला नांदेडला घेऊन यायचे, ती वर स्लॅबकडे बघायची आणि दुसऱ्या दिवशी परत जायची. एकदा मी तुमच्याबद्दल रागानं बोलले, की अप्पांनी एवढी माती चढवली नसती तर. ती शेंगा फोडत होती. फोडता फोडताच म्हणाली, “त्येंच्यामागं दर साली मीच घातली की माती. कुणाला बोलतीस?” हे मला ठाऊक नव्हतं. पाणी नाकारणारी अव्वा तुमच्या माघारी गडी लावून माळवद सारवून घेत होती. त्यानंतर तुमच्यावर रागवायला मला नीट जागाच राहिली नाही.

तर कौलं. मुलगा, सून आणि मी दुकानात गेलो. दुकानदारानं आधी रंग दाखवायला सुरुवात केली, विटकरी, हिरवा, चॉकलेटी. मी रंग बाजूला ठेवायला सांगितला आणि एकेक नमुना हातात घेतला. मातीचं मंगळुरी कौल दिसायला छान, पण मनगटाला वजन कळत होतं. सिमेंटचं त्याहून जड. मग त्यानं कौलाच्या आकाराचा पत्रा काढला, वर बारीक खडीचा थर बसवलेला, लांबून कौलच वाटावं असा. तो मी एका हातानं उचलला आणि तसाच धरून उभी राहिले.

“आई, छप्पर हातात धरून घेतंय का कुणी?” मुलगा म्हणाला.

“मी घेते,” मी म्हटलं.

त्यानं लगेच ऐकलं नाही. हलकं छप्पर वादळात उडतं, म्हणाला. खरं आहे ते. म्हणून खाली लोखंडी सांगाडा जवळ जवळ पट्ट्यांचा घेतला आणि प्रत्येक पत्रा स्क्रूनं आवळून बसवला. उडायची भीती मला चालते. सूनबाईनं विटकरी रंग निवडला. स्लॅबचा हट्ट मुलानं का सोडला ते त्यानं सांगितलं नाही. आजीला शेडमध्ये झोपलेली त्यानं लहानपणी पाहिली आहे, एवढंच मला माहीत आहे.

खोली चांगली झाली. उजेड आहे, कपाट आहे, खिडकीतून कडुलिंब दिसतो. पण एप्रिल लागला आणि दुपारी तिथं बसवेना. पत्र्याखाली उष्णता रोखणारा थर टाकला आहे, तरी बसवत नाही. पुस्तक घेऊन मी खाली येते आणि स्लॅबखाली पंखा लावून पडते. मुलगा बघतो आणि पंखा वाढवतो.

अशा वेळी मला आपल्या माळवदाखालची दुपार आठवते. बाहेर रस्ता तापलेला, आणि आत उघड्या जमिनीवर पडलं की अंगावर काही घ्यावंसं वाटायचं. हे अव्वासमोर कधी बोलता आलं नाही. गल्लीतली जी माणसं उरली, त्यांच्यासमोर तर नाहीच. हा कागद कुठं जायचा नाही, तेव्हा इथं लिहायला हरकत नाही. गारवा छान होता, अप्पा. तसा मला पुन्हा कुठल्याच घरात मिळाला नाही.