‘बेलुम’चा अर्थ

सोमवार, ४ मार्च १९९६

माझ्या वाट्याला ‘बेलुम’ आला! कचेरीत शब्दकोशाच्या चिठ्ठ्या वाटल्या, प्रत्येकाला एक शब्द. दार्विससाहेबांनी माझी चिठ्ठी पुढे सरकवत मिस्कील तोंडानं विचारलं, “येल्मी, लग्न झालं का तुझं?”

“बेलुम.”

“घ्या! निम्मी नोंद इथंच झाली.”

सगळे खो खो हसले. चव्वेचाळीस वय माझं, तरी ‘नाही’ म्हणवत नाही. ‘अजून नाही’ म्हणायचं. आपल्याकडे ‘नाही’ म्हणजे तोंडावर दार आपटणं.

अर्थ पाच मिनिटांत लिहिला. ‘उगम’ची जागा कोरी.

बुधवार, ६ मार्च

जुनी बाडं उपसली. नाकात धूळ, हाती शून्य. जावाचे लोक याच अर्थी ‘दुरुंग’ म्हणतात — त्याचा याच्याशी संबंध नाही. आम्ही मिनांग माणसं घरात ‘बेलुम’ला ‘आलुन’ म्हणतो. आणि मलायू भाषेत ‘आलुन’ म्हणजे लांबून येणारी संथ लाट! धावत साहेबांकडे गेले.

“उच्चार जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही, बाई. ‘उगम अनिश्चित’ लिही नि मोकळी हो.”

मोकळी कशी होऊ? अकरा वर्षं हा शब्द आमच्या घरात जेवायला बसतोय.

शनिवार, ९ मार्च

रजा घेऊन समुद्रकाठच्या पारियामानला घरी आले. माझी थोरली बहीण, अस्निमार उनी, माशाच्या डोक्याचं कालवण ढवळत होती. ताटं मांडली — तिचं, माझं, तिच्या मुलीचं, फ्रिदाचं, आणि तिच्या नवऱ्याचं, शफरिल उदांचं. पंच्याऐंशी साली उदा समुद्रात होडी घेऊन गेले. चौथ्या दिवशी होडी मिळाली, उलटी. मेहुणा नाही मिळाला.

शेजारीण कुंपणावरून ओरडली, “नवरा आला का गं?” आता ती सवयीनंच विचारते, जेवलीस का विचारावं तसं.

“आलुन,” उनी म्हणाली. शांतपणे.

जेवताना त्या चौथ्या ताटाकडे माझी पाठ होती. पाठीला कळत होतं ते तिथे आहे.

सोमवार, ११ मार्च

रजा वाढवली. फ्रिदाचं लग्न ठरलंय, पुढच्या महिन्यात. तिघी निकाहनोंदणीच्या कचेरीत गेलो. साहेब तरुण, नम्र.

“मुलीचे वडील वारले?”

“बेलुम,” उनी.

“मग निकाहाला त्यांना आणा. मुलगी त्यांनीच द्यायची.”

“अजून आले नाहीत.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “आई, हयात असतील तर ते हवेत. वारले असतील तर मुलीचे काका चालतील. बेपत्ता असतील तर कोर्टाचा कागद. यांतलं काय लिहू?”

उनी खिडकीबाहेर बघत राहिली. फ्रिदाचे कान लाल झालेले.

मंगळवार, १२ मार्च

समुद्रावर एकटीच गेले, भर दुपारी. लाटा किनाऱ्यापर्यंत येतात आणि — आलुन, आलुन. दार्विससाहेबांनी बजावलंय, नातं लावू नकोस. पण कान ऐकतात कुठे! परत फिरले.

गुरुवार, १४ मार्च

आज घरात स्फोट!

फ्रिदा आईला म्हणाली, “आमाक, मी अकरा वर्षांची होते तेव्हा दारात बसून विचारायची, बाबा आले? तू म्हणायचीस, अजून नाही. आज बावीस वर्षांची झाले. त्या एका शब्दात कोंडून ठेवलंयस मला. माणूस मेला तर निदान रडता तरी येतं!”

उनी तांदूळ निवडत राहिली. खडा नसलेले तांदूळ.

शुक्रवार, १५ मार्च

मीच कोर्टाचा अर्ज लिहून आणला. सोपं वाक्य आहे — ‘माझा नवरा कुठे आहे हे मला ठाऊक नाही, अल्लाची शपथ.’ उनीनं तीनदा वाचलं. अर्ज घडी करून परत दिला.

“खोटी शपथ घेणार नाही मी.”

“खोटी कसली त्यात? उनी, किती दिवस आशा धरून बसणार आहेस!” माझा आवाज चढला.

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मीच धाकटी, मीच अडाणी. रात्री मी चिठ्ठी काढून ‘बेलुम’च्या अर्थात एक ओळ वाढवली — ‘आशा दर्शवतो’. मग पुन्हा पेन उचललंच नाही.

शनिवार, १६ मार्च

फ्रिदा मैत्रिणीकडे निघून गेली. लग्न मोडायचं म्हणते. उनी दिवसभर ओसरीवर. संध्याकाळी एवढंच म्हणाली, “उद्या माझ्याबरोबर चल. तिकूला.”

रविवार, १७ मार्च

सकाळची बस, किनाऱ्याकिनाऱ्यानं. तिकूच्या कबरस्तानात अगदी कडेला नाव नसलेला एक दगड. उनी उकिडवी बसली, गवत उपटू लागली — रोजचं काम असावं तसं.

“उद्या निकाहवाल्या साहेबांना सांगते, वारले म्हणून. फ्रिदाला घेऊन ये.”

मला काही कळेना. “हे कोण?”

“नवव्या दिवशी इथं किनाऱ्याला लागले होते. ओळख पटवायला मला बोलावलं. घरी पोर दारात बसली होती.” मूठभर गवत तिनं बाजूला टाकलं. “मी म्हटलं — हे माझे नव्हेत.”