सात नंबरची काठी

१० ऑगस्ट २०२५, मंद्रूप

अभिमन्यूचा गळा दाबावासा वाटतोय! आणि स्वतःचाही.

रविवार म्हणून घरी आले. हा माझा धाकटा भाऊ द्राक्षबागेत वेलींच्या आधाराचे डांब रोवत होता. बुडाशी दगड ठोकता ठोकता सहज म्हणाला, "ताई, तुझ्या बर्फातल्या काठ्याबी मी अशाच पक्क्या केल्यात की. न्हायतर वाऱ्यानं हलल्या असत्या."

२०२१ मध्ये हिमाचलातल्या त्या लहानशा हिमनदीवर मी सहा-सहा मीटर खोल भोकं पाडून बांबूच्या सात काठ्या उभ्या केल्या. बर्फ वितळेल तशी काठी उघडी पडते. दरवर्षी सप्टेंबरात जाऊन ती मोजायची — हीच माझी पीएचडी. मी पुढं भोकं पाडत गेले आणि मदतीला नेलेला हा मागून दगडांचे ढीग रचत आला! ढिगाखाली ऊन पोचत नाही, तिथला बर्फ टिकतो. तीन वर्षं त्या उंचवट्यांवर उभी राहून मी मापं घेतली. दगड काय, हिमनदीवर पसरलेलेच असतात, म्हणून एकदाही शंका आली नाही. म्हणे संशोधक.

११ ऑगस्ट, सोलापूर

वह्या काढल्या. सहा काठ्या — वर्षाला चाळीस सेंटिमीटर. सात नंबर, नदीच्या मधोमध — एकशे साठ. अभिमन्यूला फोन केला. "सातव्या काठीच्या टायमाला गारा आल्या. पळालो की आपण." म्हणजे तिला दगड नाहीत. एकटी तीच खरं बोलत होती. माझे गाइड बिराजदार सर, त्यांनी 'चुकीचं माप' म्हणून नेमकी तीच वगळली, आणि मी मान डोलावली.

१३ ऑगस्ट

सरांना सगळं सांगितलं. 'लहान हिमनद्याही टिकतात' हा आमचा शोधनिबंध ऑक्टोबरच्या परिषदेत आहे. सर खूश होते त्यावर.

"तेजश्री, दगडांचं कुणाला कळणार आहे?"

मला कळलंय ना.

"दोन वर्षं मागं जाशील." जाईन. "लग्नाचं वय..." इथं मी खुर्ची सरकवून उठले. एवढी वर्षं त्यांना भ्यायले याची लाज वाटली.

१४ ऑगस्ट

निबंध मागं घेतला. पहिलं नाव माझं, मेलही माझा. कारण लिहिलं — दगडांसकट. सरांचे पाच फोन येऊन गेले. उचलले नाहीत.

३१ ऑगस्ट

आई म्हणते, "चूक झाकावी, का तिची दवंडी पिटावी?" चूक माझी, दवंडीही माझी. विभागात कुणी धड बोलत नाही. नका बोलू! सात नंबरच बरोबर ठरणार. दाखवतेच सगळ्यांना.

सप्टेंबरच्या मापांना अभिमन्यूला बरोबर नेतेय. दगड त्यानं रचले, त्यानंच काढावेत.

१९ सप्टेंबर, हिमनदीवर

सात नंबर आडवी पडलीय. उघड्या काळ्या खडकावर. तिथं बर्फच उरला नाही, नदीचे दोन तुकडे झालेत.

म्हणजे मी बरोबर. महिनाभर ज्यासाठी भांडले तेच. तिथंच बसून रडले.

अभिमन्यूनं काठी उचलली. मग म्हणाला, "ताई, तू चुकली असतीस तर लई बरं झालं असतं."