तेवीस जुलैचा पैलवान

१८ जुलै

गुडघा पुन्हा सुजला. लंगडताना दिसलो तर वस्ताद विचारणार, म्हणून तालीम रिकामी झाल्यावरच उठतो.

नातेपुत्याहून अण्णांचा फोन — "तेवीसला कुस्ती हाय, आमी आदल्या दिशीच येतोय. तुजी आई बी."

तेवीस जुलै १९५२. हेलसिंकीच्या ऑलिम्पिकात खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकलं. मी जन्मलो त्याच तारखेला, कित्येक वर्षांनी. झालं! पाळण्यातच पैलवान ठरलो. वाढदिवसाला आमच्या घरी खाशाबांच्या फोटोला हार, आणि माझी कुस्ती. यंदा इथं सोलापुरात, तालमीच्या मॅटवर. समोर अक्कलकोटचा श्रीशैल.

१९ जुलै

डॉक्टरांनी गुडघ्याचा एमआरआय बघितला. "लिगामेंट अर्धं तुटलंय. परत पाय फिरला तर जन्मभर लंगडशील."

"तेवीसनंतर उपचार सुरू केले तर?"

त्यांनी चिठ्ठीवर 'कुस्ती बंद' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

२० जुलै

नाही म्हणायचं तरी कुणाला — तारखेला?

२२ जुलै

आई-अण्णा आले. अण्णा बाहेर वस्तादांना सांगत होते, "पोरगं तारीख घिऊनच जन्मलंय की!" आई आत माझ्या गुडघ्याला हळदीचा लेप लावत होती. जरा दाबलं तसा मी कळवळलो. तिचा हात थांबला. दाराकडे बघून हळूच म्हणाली,

"इंद्रा, तू नागपंचमीच्या आदल्या दिशी झालास रं, ऑगष्टात. तेवीस तारीख ह्येंनी शाळंत घालताना सांगितली."

"आणि तू गप्प बसलीस?"

"लई खूश हुते ते."

हसू आलं, मग रडू. म्हणजे ही माझी तारीखच नाही. तरी आत्ता बाहेरून अण्णांचा आवाज येतोय, आणि उद्या उतरावं लागणार असंच वाटतंय. त्यांना हे तोंडावर कसं सांगू?

२३ जुलै

नाव पुकारलं. मॅटवर गेलो नाही, अण्णांसमोर जाऊन उभा राहिलो. तारखेचं काढलं नाही. एवढंच म्हणालो, "अण्णा, गुडघा गेलाय. आज न्हाय. परत बी न्हाय."

पंचांनी श्रीशैलचा हात वर केला. अण्णा सगळ्यांदेखत खाली बसले. माझा पाय मांडीवर घेतला.

"कवापासनं दुकतंय?"