तीन महिन्यांनी उघडायचा फिल्टर

प्रिय पोरी,

आधी वाईट बातमी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील. तुझे साहेब गेले. त्यांच्यामागोमाग दोन पिवळे मासेही गेले. नऊ माशांतले सहा उरले आहेत. तू परवा फोनवर विचारलंस तेव्हा मी सगळे मजेत आहेत म्हणालो आणि वर फोटोही पाठवला. तो फोटो तू ट्रेनिंगला जाण्याआधीचा होता. या वयात खोटं बोललो, तेही तुझ्याशी. फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. समोरासमोर किंवा फोनवर असलं काही बोलायची माझी छाती होत नाही, म्हणून कागद घेऊन बसलो आहे.

कसं झालं ते ऐक. तीन महिन्यांसाठी निघताना तू मला दोनच कामं लिहून दिली होतीस. दाणे दिवसातून एकदाच टाकायचे आणि रविवारी थोडं पाणी बदलायचं. फिल्टरला हात लावू नका, असं खाली दोन रेघा मारून लिहिलं होतंस. पण मी पडलो बत्तीस वर्षं हॉस्पिटलात ऑपरेशनच्या कात्र्या-चिमटे उकळणारा माणूस. जित्याची खोड! एका सकाळी टँकमधल्या फिल्टरचा स्पंज दिसला, तपकिरी आणि बुळबुळीत. आमच्या जुन्या मेट्रनबाई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. स्पंज काढला, मोठ्या पातेल्यात वीस मिनिटं खळखळून उकळला, आतल्या सिरॅमिकच्या बारक्या नळ्याही उकळल्या, धुतलेल्या कपड्यावर वाळवल्या आणि परत बसवल्या. इतका देखणा दिसत होता तो फिल्टर, की मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. चौथ्या दिवशी साहेब कोपऱ्यात धापा टाकत होते. एरवी कोणाला जवळ फिरकू न देणारे ते, शेजारून इतर मासे गेले तरी हलले नाहीत. दुपारपर्यंत आडवे झाले.

मी तसाच, घरातल्या चपला घालून, माशांच्या दुकानात गेलो. त्या दुकानवाल्या बाईंनी माझं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. माशांच्या घाणीतून पाण्यात विष तयार होतं, आणि ते पचवणारे जंतू त्या बुळबुळीत थरातच राहतात म्हणे. मी त्या सगळ्यांना उकळून मारलं होतं. जन्मभर जंतू मारल्याबद्दल मला शाबासकी मिळाली, आणि इथे जंतू गेले म्हणून मासे गेले! बाईंनी स्वतःच्या टँकमधला मळका स्पंज कापून पिशवीत घालून दिला. ती घाण मी दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी आणली. रोज थोडं थोडं पाणी बदलत आठ दिवस टँकसमोर खुर्ची टाकून बसलो, तेव्हा कुठे उरलेले सहा सावरले.

बाईंनीच सांगितलं, की आतला तो चिमुकला फिल्टर आपल्या या सिक्लिड माशांना पुरणाराच नव्हता. खादाड जात, त्यात भांडखोर, आणि खातील तितकी घाण करतील. यांना बाहेरचाच फिल्टर हवा. म्हणजे झाकणाचा डबा असतो, तो टँकखालच्या कपाटात ठेवायचा. एका पाइपनं पाणी खाली येतं, स्पंज आणि नळ्यांतून गाळलं जाऊन दुसऱ्या पाइपनं वर जातं. मी चार वेळा दुकानात गेलो. खोक्यावर लिहिलेला पाण्याचा वेग डब्यात स्पंज-नळ्या भरलेल्या नसतानाचा असतो, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. आपला टँक दोनशे लिटरचा, तेव्हा तासाला हजार लिटर तरी फिरायला हवं. बाईंना मोटर चालू करायला लावून मी डब्याला कान लावून बसायचो. गिऱ्हाइकं हसायची. हसू देत. तुझ्या नव्या घरात झोपायची खोली आणि टँकची खोली एकच असणार, आणि तुझी झोप किती हलकी आहे ते मला ठाऊक आहे.

तळमजल्यावर जागा मिळाली, आता टँक नेता येईल, असं तू आनंदानं सांगितलंस. मीही आनंदानं ऐकलं. निदान तसा आवाज काढला. तू या घरातून गेलीस तेव्हा तुझ्या घरमालकिणीनं एवढं वजन वर चढवायला नकार दिला, म्हणून टँक इथे राहिला, आणि टँक राहिला म्हणून दर रविवारी तू येत राहिलीस. आमचे चिरंजीव दुसऱ्या शहरात, सणासुदीचा फोन करणारे. सून म्हणून कागदावर तुझं नातं संपलं, तरी बाह्या वर करून, कोपरापर्यंत पाण्यात हात घालून साहेबांना रागावायला तू यायचीस आणि मी बादली धरून उभा राहायचो. तुम्हा दोघांचं जे बिनसलं त्यात मी पडलो नाही. ते शहाणपण होतं की भित्रेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तू मात्र मला त्याबद्दल कधी एका शब्दानं टोचलं नाहीस.

आता एक चोरी कबूल करतो. शेवटी दोन फिल्टर उरले होते. लहान होता तो जेमतेम पुरणारा, दर पंधरा दिवसांनी उघडून धुवावा लागणारा. मोठा तीन महिन्यांतून एकदा उघडला तरी चालणारा. मी लहान उचलला. तुला नव्या कामात सवड होणार नाही, मग दर पंधरा दिवसांनी कोणीतरी लागेलच, आणि असा रिकामटेकडा मी एकटाच. खोकं काउंटरवर ठेवलं, तेव्हा बाईंनी सहज विचारलं, की मासे माझे आहेत का. मी तुझे आहेत म्हणालो आणि मला माझीच लाज वाटली. आधीच तिघांचा जीव घेतला होता. लहान परत ठेवला आणि मोठा आणला. गेले तीन आठवडे तो जुन्याच्या जोडीनं चालू आहे, म्हणजे त्यात जंतू नीट वस्तीला येतील. तुझ्याकडे येईल तो मुरलेला येईल. मोटरचा आवाज अजिबात येत नाही.

पुढच्या आठवड्यात तू परत येशील आणि टेम्पो बोलावशील. साहेबांबद्दल हवं तेवढं रागाव, मी ऐकून घेईन. पण हे पत्र काही फक्त त्यांच्यासाठी लिहिलेलं नाही. आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. फिल्टर तीन महिन्यांतून एकदा उघडायचा, तो तू एकटी उघडशील. बादली धरायलाही कोणी लागणार नाही. मला मात्र दर रविवारी तुझ्याकडे यायचं आहे, आणि कारण म्हणून सांगायला माझ्याकडे काहीच उरलेलं नाही. उगाच आलो, तर चालेल का?

तुझाच, अजून म्हणू देत असशील तर,
बाबा