जित्या माणसाच्या अस्थी

बारा दिवस! हरभऱ्याच्या दाण्याएवढं हाड, अन् त्याले बारा दिवस! तेवढ्यात तुह्या आत्यानं एखादं लग्न उरकवलं असतं.

चि. आचलले आशाआत्याचे आशीर्वाद. तब्येत बरी असंन. दादा-वहिनीले नमस्कार सांग. भांडण आधी अन् आशीर्वाद मंग झाले, राग मानू नको.

आमच्या ह्यांच्या (कागदावर नाव घेतलं त चालते, खुशालरावांच्या) नडगीतून अकोल्याच्या डॉक्टरनं तुकडा काढला, कॅन्सर हाय का टीबी ते पाहाले. तू तिथल्या लॅबमधी हायेस म्हणून आमीच हट्टानं म्हटलं, अमरावतीले तपासतो. त्यानं तुकडा सडू नये म्हणून औषधाच्या झोंबऱ्या पाण्याच्या डबीत घालून देला. भातकुलीले घरी आलो त सासूबाई पार्बताबाई उंबरठ्यावर आडव्या. अस्थी घरात येत नसतात म्हणे, झाडाले टांगा! म्या म्हटलं, ज्याच्या अस्थी तो तुमच्यासमोर चहा मांगून राह्यला. पण आयकतील त त्या कायच्या? डबी फडक्यात बांधून कडूलिंबाले टांगली, अन् हे खाटेवर पडून सोताच्याच अस्थी पाहात बसले. शेजारचा देवमन आला, झाडाकडे पाह्यलं, टोपी काढून रडाले लागला. ह्यांनी खाटेवरून इचारलं, कोण गेलं गा? देवमन जो पयत सुटला तो अजून चहाले आला नाई.

मंग डबी तुह्या राजापेठेतल्या लॅबमधी आणली अन् रोज फोन करून म्या तुले छळलं. माह्याकडे दे, कुकरच्या चार शिट्ट्यांत मऊ करते, असंही म्हटलं. तू फोन आपटला नाई. शिजवलं त आतलं सारं बिघडते, हाडातला चुना ॲसिडच्या पाण्यात हळूहळू उतरू द्या लागते, मंग मेणात बसवून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढा लागते, तवा कुठं दुर्बिणीखाली दिसते, हे तू मले सात वेळा सांगतलं, अन् सातव्यांदाही आवाज चढवला नाई. माह्या घाईनं काप फाटला असता त पुन्हा ह्यांचाच पाय कोरा लागला असता.

टीबी निघाला म्हणून पेढे वाटणारं घर आमचंच असंन. गोळ्या चालू हायेत, ताप उतरला, माणूस पुन्हा माह्या भाजीत खोड्या काढून राह्यला. पोरी, ज्या हातांनी तो दाणा इतका सांभाळला, त्या हातांची दृष्ट काढून मी दहाही बोटं मोडते.

तुही आत्या,
आशाबाई

ता. क. बारातले तीन दिवस डबी झाडावरच होती, सुट्ट्या लागून आल्या होत्या. ते उगाच तुह्या नावावर मोजले.

आणखी ता. क. पत्र याच्यासाठीच लिहून राह्यली. झाडावर वारं सुटलं, डबी कलंडली, अर्धं झोंबरं पाणी सांडलं. म्या माठातलं पाणी भरलं अन् झाकण लावलं. कोणाले सांगतलं नाई, तुलेही नाई. त्यानं कॅन्सरचा टीबी दिसते का वो? शुक्रवारी ह्यांले डॉक्टरकडे न्या लागते. गुरुवारपर्यंत खरं काय ते चिठ्ठीत लिहून पाठव. फोन करू नको, तो आता ह्यांच्याच उशाशी असते.