नामपूरकरांचं पान

गंगापूर रोड, नाशिक
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. साष्टांग वगैरे लिहीत नाही, तू पत्र तिथंच फाडशील. अप्पांचे गुडघे सोडले तर सगळं ठीक. निकिताच्या शाळेत परीक्षा चालू आहेत, पेपर तपासून ती घरी येते ती डोकं धरूनच. इंदुरात थंडी कमी झाली का? बघ, किती शहाण्यासारखं लिहितोय.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर मी खोटं बोलतो. सहज, गोड आवाजात. कागदावर निदान लाज वाटते.

तीन दिवस मी मागच्या खोलीत अडकून पडलोय. आपल्या तेवीस नामावळींची पानं, रामकुंडावर येणाऱ्या यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं, मी २०१९ मध्ये स्कॅन केली होती हे तुला माहीत आहे. सगळी एकाच डिस्कवर होती. दुसरी प्रत उद्या करू, उद्या करू म्हणत वर्षं गेली. आता ती डिस्क वेड्यासारखं करते. फोल्डर उघडावा तर रिकामा, नाव एका घराण्याचं आणि आत पान दुसऱ्याचं, काही पानं तर उघडतच नाहीत. पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्युटर सांभाळणारा माझा मित्र अमित येऊन बघून गेला. म्हणाला, "डिस्क मेली नाही रे, फाइलसिस्टिम गंडलीय. कुठलं पान कुठं ठेवलंय ते तिचं तीच विसरलीय. आता हिच्यावर एक अक्षर लिहायचं नाही. फक्त वाचायचं."

मग दोन नव्या डिस्क आणल्या. एकीवर जे जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवर, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे. जुनीतून एकेक पान काढायचं, मूळ आणि नक्कल जुळते का ते तपासायचं, मग पुढचं. मधे वीज जायला नको, कुणी वायरीला धक्का मारायला नको, म्हणून मी इथंच जेवतो, इथंच पेंगतो. अप्पा दाराशी येऊन रोज एकच विचारतात, "महेश, वह्यांना ऊन दाखवलंस का रे?" मी म्हणतो, हो अप्पा, दाखवलं.

वह्या नाहीत, ताई.

घे, लिहिलं एकदाचं. या फ्लॅटमध्ये यायच्या वेळी पेट्या उघडल्या तर वाळवी. पानांना हात लावला की भुगा. रद्दीत कशा घालणार, लोकांच्या वाडवडिलांची नावं ती! म्हणून एका सकाळी सोमेश्वरच्या पुढे जाऊन सगळ्या गोदेत सोडल्या. हात जोडले, चहा प्यायला, घरी आलो. आपण काही पवित्र केलं असंच वाटत होतं मला. अप्पांना सांगितलं, बाइंडिंगला दिल्यात; मग म्हणालो, आल्या, पेटीत ठेवल्यात. आणि तू त्याच्या आदल्या वर्षी एक वही मागितली होतीस, फक्त एक, तेव्हा मीच म्हणालो होतो ना, मुलीला वही कशाला? दिली असती तर निदान ती एक वाचली असती. त्या वाक्यासाठी तू माझ्याशी बोलणं टाकलंस ते बरोबरच केलंस.

पण एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. पुढचं लिहायला सबंध दुपार घेतली.

दोन वर्षांपूर्वी नामपूरच्या चतुराबाई आल्या होत्या. नवरा वारला होता, पुंजा त्यांचं नाव. कांदेवाले, साधी माणसं, दोन गाड्या भरून आलेले. पिंडासाठी पुंजांच्या बापाचं, आजोबाचं नाव त्यांना ठाऊक होतं, पणजोबाचं कुणालाच नाही. "आमना पणजानं नाव तुमनाकडेच शे, गुरुजी," म्हणाल्या. मी लॅपटॉपवर शोधलं, पान उघडेना. तेव्हाच ही डिस्क बिघडायला लागली होती. बारा-पंधरा माणसं ओल्या कपड्यांत माझ्या तोंडाकडे बघत उभी. पान सापडत नाही, एवढं सांगायला काय झालं असतं? पण मी म्हणालो, "हरबाजी."

कुठून आलं कोण जाणे. त्या हरबाजीच्या नावानं पिंड दिला गेला. वर मी शहाण्यानं नवं पान टाइप केलं, त्यावर हरबाजी लिहिलं आणि त्यांच्या मुलाची, राजूभाऊंची, सही घेतली. गेल्या दिवाळीत त्यांनी नव्या बंगल्याचा फोटो पाठवला. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं: 'हरबाजी कृपा'. मी खाली हात जोडल्याचं चित्र पाठवलं, ताई. निर्लज्जपणाची हद्द!

काल दुपारी त्यांचं खरं पान निघालं. स्वच्छ, कोपऱ्यातल्या वाळवीच्या भोकासकट. मोडी मला तुझ्यासारखी येत नाही, तक्ता समोर ठेवून अक्षर अक्षर लावलं. पणजोबाच्या जागी पुरुषाचं नावच नाही. लिहिलंय: 'सगुणाबाई, मौजे नामपूर. कडेवर मूल. एकटी आली. घरधन्याचे नाव विचारता सांगत नाही. मजपासून धरा म्हणते.' आणि आपल्या पणजोबांनी धरलं. तिच्यापासून रेघ काढली, खाली मुलगा, त्याखाली नातू. मी रडलो. निकिता धावत आली, तिला वाटलं डिस्क गेली.

संध्याकाळी अमित पुन्हा आला, त्याला दोन्ही पानं दिसली. "एका घराची दोन पानं आहेत," म्हणाला, "कुठलं उडवू? सांग लवकर. नव्या डिस्कवर गेलं की चूक असली तरी दोन्हीकडे तीच चूक." खोटं कशाला बोलू, खरं पान उडव म्हणायला तोंड उघडलं होतं. जगात कुणालाही कळलं नसतं. अप्पांची गुरुगिरी, माझी अब्रू, ग्रॅनाइटची पाटी, सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं. आणि ती बाई दुसऱ्यांदा नदीत गेली असती.

दोन्ही ठेव म्हणालो. माझं खोटंही राहू दे, माझ्या नावानिशी.

अप्पांना आज जेवताना सांगितलं, वह्यांचं आणि हरबाजीचंही. ते ताटावरून उठले. मग चतुराबाईंना फोन केला, की तुमचं जुनं पान सापडलंय, रविवारी घेऊन येतो. केवढ्या खूश झाल्या! "या ना गुरुजी, पाटीबी दखी ल्या," म्हणाल्या.

ताई, तू ये. शनिवारी रात्रीची बस धरलीस तर सकाळी आपण दोघं निघू. माझ्या हातात काहीही कागद असू दे, मी काहीही वाचू दे, त्या हात जोडतील आणि खरं मानतील. याचीच मला भीती वाटते. म्हणून सगुणाबाईंचं पान तू वाच. हरबाजी कोण, ते मी सांगतो.

तू आली नाहीस तरी मी जाणार आहे.

तुझा, खोटं बोललेला,
महेश